आधी लिहायचं, मग बघायला जायचं

काल रविवारी सकाळी उलव्यात धुकं होतं. दिवाळीनंतरचं, पातळ, खाडीवरनं आलेलं. समोरच्या टॉवरचे वरचे मजले दिसत नव्हते, आणि डोक्यावरनं विमान गेलं तर नुसता आवाज. गारवा एवढाच, की मफलर बांधावी का नको असं वाटावं. मी बांधली. माझं वय शहात्तर. मला विचार करायला वेळ लागतो, तोवर सर्दी होते.

किस्से कसे साठतात म्हणाल, तर मिठासारखे. लहानपणापासून मी मिठागरात होतो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा आणि वाट बघायची. पाणी कुठं जातं ते दिसत नाही. एक दिवस खाली पांढरं दिसायला लागतं. आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या बाकड्याचं तसंच आहे. किती वर्षं आम्ही तिघं तिथं बसतोय. दिवस कुठं गेले ते दिसलं नाही. खाली हे उरलंय.

तिघं म्हणजे मी दामा, परशाशेठ आणि साळुंखे. परशाशेठ माझ्याच गावचा, जमिनी गेल्या आणि त्याच्या दोन बिल्डिंगा झाल्या, म्हणून शेठ. साळुंखे साताऱ्याकडचे. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायचे. आणि ते लेखक आहेत. हे सगळे किस्से त्यांचेच.

*

मिठागर बंद पडल्यावर मीही बंदरातच लॅशिंगला होतो. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी बांधायचे, सोडायचे. मी खाली, साळुंखे वर. एवढे उंच, की खालून नुसती काच चमकायची. आमची ओळख वायरलेसवरची. तोंड बघितलं ते सहा महिन्यांनी.

वर माणूस एकटा असतो. साळुंख्यांना तिथं गोष्ट सुचायला लागली. सुशीला नावाची बाई. नवरा जहाजावर नोकरीला गेलेला. ती रोज कोकणातल्या एका फाट्यावर येऊन यष्टीची वाट बघते. फाट्यावर मोठा वड. वडाखाली चहाची टपरी. टपरीवाला रोज एक ग्लास धुऊन पालथा ठेवतो, सुशीलेच्या नवऱ्यासाठी. त्यात दुसऱ्या कुणाला चहा देत नाही.

एके दिवशी दुपारी काम जोरात चाललंय, कंटेनरचा डबा जहाज आणि धक्क्याच्या मधोमध लोंबकळतोय, आणि क्रेन थांबली. सगळे वर बघायला लागले. वायरलेसवर साळुंख्यांचा आवाज आला, "दामा, खरं सांग. नवरा परत आणू का नको?"

अख्ख्या धक्क्यानं ऐकलं! तेवढ्यात सुपरवायझर ओरडले, "साळुंखे, नवऱ्याचं मागून बघू. आधी डबा खाली आणा!"

पुढं महिनाभर ट्रेलरचे ड्रायव्हर क्रेनखालनं जाताना हॉर्न मारून वर विचारायचे, "आला काय ओ नवरा?"

*

रिटायर झाल्यावर साळुंख्यांनी ती गोष्ट लिहायला घेतली. एक-एक भाग लिहायचा आणि बाकड्यावर मला वाचून दाखवायचा. मी शाळेत गेलेलो नाही. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. त्यांना तसाच माणूस हवा होता. म्हणायचे, "शिकलेला माणूस चुका काढतो. दामा गोष्ट ऐकतो."

त्यांचा नियम एकच. दामा झोपला, तर ते पान फाडायचं.

एकदा त्यांनी सुशीलेच्या लग्नाचा भाग आणला. बावीस पानं. मी तिसऱ्या पानाला झोपलो. जागा झालो तर साळुंखे कागदाचे बारीक बारीक तुकडे करून पिशवीत भरत होते.

"ओ, काय करताय?"

"तू झोपलास."

"अवो, मी जेवून आलतो! बोंबलाचं कालवन नि तांदलाची भाकर. त्याच्यावर माझं पोरगं बोललं असतं तरी मी झोपलो असतो!"

साळुंखे पिशवीकडं बघत राहिले. लग्न परत लिहिलं, पण म्हणतात, पहिल्यासारखी वरात जमली नाही. तेव्हापासून वही उघडायच्या आधी ते विचारतात, "दामा, आज काय जेवलास?"

*

पुस्तक झालं. कुणी छापायला घेईना. तेव्हा साळुंख्यांनी आपणच छापलं, तीनशे प्रती. नाव 'फाट्यावर'. आत नावाखाली लिहिलं, 'स्वतंत्र लेखक'.

परशाशेठनं विचारलं, "स्वतंत्र म्हंजे काय रं?"

साळुंखे म्हणाले, "म्हणजे गठ्ठे आपल्याच पलंगाखाली ठेवायचे."

गठ्ठे त्यांच्या पलंगाखाली मावले नाहीत, ते माझ्या पलंगाखाली आले. आमची हिरा, म्हणजे माझी बायको, एक दिवस म्हणाली, "सालुंखेभावजी, त्या बाईला माज्या घरान आनून ठेवलीव, पन तिच्या नवऱ्याचा काय केलाव? आला का नाय?"

"ते पुस्तकात नाही, वहिनी. वाचणाऱ्यानं ठरवायचं."

"वाचनाऱ्यानी? बाईला बसवून ठेवलीव तुमी, नि ठरवायचा दुसऱ्यानी? वा!"

प्रती वाटल्या. भाऊबंदांना, बंदरातल्यांना, सोसायटीत. सगळे भेटले की म्हणायचे, "छान आहे हां." साळुंखे विचारायचे, "टपरीवाला कसा वाटला?" तर समोरचा म्हणायचा, "तोपण छान आहे."

एका संध्याकाळी ते बाकड्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "दामा, ओळखीचा माणूस पुस्तक वाचत न्हाई. तो आपल्या तोंडाकडं बघतो. मला एक अनोळखी वाचक पायजे. एकच. ज्यानं मला कधी बघितलं न्हाई, आणि तरी सुशीला त्याच्या ध्यानात राहिली."

"भेटंल की."

"भेटला की दुसरं पुस्तक लिहीन. तोवर पेनाला टोपण."

दुसऱ्या पुस्तकाची वही त्यांनी आणलेली होती. पहिली ओळ लिहिलेलीही होती. त्या ओळीखाली रेघ मारली, टोपण लावलं आणि पेन शर्टाच्या खिशात ठेवलं. आम्हाला वाटलं, चार-सहा महिन्यांची गोष्ट आहे.

*

त्या मे महिन्याच्या सुट्टीत परशाशेठनं गाडी काढली. "चल, सालुंखे, तुजा फाटा दाखव." हिरालाही घेतलं. डबा तिनंच केला होता, म्हणून घेतलं.

साळुंख्यांची रीत उलटी आहे. माणसं आधी गाव बघतात, मग लिहितात. साळुंखे आधी लिहितात, मग बघायला जातात. म्हणायचे, "क्रेनवर बसून मी सगळं जग बघितलंय, डब्यांवरची नावं वाचून." हा फाटा मात्र त्यांनी खरोखर बघितला होता. तरुणपणी एकदा, श्रीवर्धनकडं जाताना, यष्टीच्या खिडकीतनं. अर्धा मिनिट.

फाटा सापडला. मैलाचा दगड होता, लाल रस्ता आत जात होता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे डाव्या हाताला उतार होता. वड नव्हता.

वड नव्हता, पिंपळ नव्हता, साधी बाभळ नव्हती. बोडका माळ आणि कडक ऊन.

साळुंखे गाडीतनं उतरले आणि उन्हात उभे राहिले. बैलगाडी घेऊन एक म्हातारा चालला होता, त्याला विचारलं, "बाबा, इथला वड कधी तोडला?" म्हातारा म्हणाला, "इथं कवाच नव्हता. माझ्या बापालाबी सावली मिळाली नाय इथं."

आता तीनशे पुस्तकांत वड! पान एकवर वड, मधे वड, शेवटच्या पानावर वडाची पानं गळतात. साळुंख्यांचं तोंड पार उतरलं. म्हणाले, "मी खोटं लिवलं, दामा. आता एखादा अनोळखी माणूस पुस्तक वाचून इथं आला, तर काय म्हणंल?"

परशाशेठ म्हणाला, "परत छाप. वडाच्या जागी मैलाचा दगड घाल." साळुंखे म्हणाले, "दगडाखाली बाई बसवू?"

गाडीत हिरा डबा सोडत होती. ती आतनंच ओरडली, "अवो, एवरा काय त्याच्यान? झार नाय तं झार लावा!"

*

लावलं! पावसाळा सुरू झाल्यावर परत गेलो. वडाची मनगटाएवढी फांदी आमच्या गावातनं तोडून नेली. वड लावायला मुळं असावी लागत नाहीत, नुसती फांदी रोवली तरी तो धरतो. खड्डा मी खणला. मिठागरातले हात, फावडं धरलं की आपोआप चालतात.

पण साळुंखे पुस्तक उघडून उभे. "यष्टीतनं उतरलं की डाव्या हाताला वीस पावलं," असं लिहिलंय. पावलं कुणाची? परशाशेठ चालला, त्याची वीस पावलं नाल्यात गेली. मी चाललो, माझी वीस पावलं दगडावर संपली.

शेवटी साळुंखे म्हणाले, "वहिनी, तुम्ही चाला. पावलं सुशीलेची आहेत."

हिरा पदर खोचून चालली. वीस मोजली. तिथं मऊ माती लागली. खड्डा तिथं खणला.

फांदीभोवती काटे लावले, दगड रचले. साळुंख्यांनी एक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दगडांत खोचलं. म्हणाले, "असू दे. कोणी विचारलं तर झाडाकडं उत्तर पायजे."

*

पुस्तकं ठेवायची ही सवय त्यांना लागली ती लागलीच. दर सुट्टीत आम्ही कुठं ना कुठं जायचो. परशाशेठची गाडी, हिराचा डबा, साळुंख्यांची पुस्तकं. लॉजच्या उशीखाली, यष्टी स्टँडच्या बाकड्यावर, देवळाच्या ओट्यावर, जिथं जाऊ तिथं एक प्रत ठेवून यायची. अनोळखी वाचकासाठी.

महाबळेश्वरला यष्टी स्टँडवर ठेवली. कंडक्टर धावत आला, "ओ काका, विसरलात!"

गणपतीपुळ्याला समुद्रावर एका खुर्चीत ठेवली. नारळपाणीवाला गाडीपर्यंत घेऊन आला. वर त्याचे पाच मिनिटं आभार मानायला लागले.

अलिबागच्या लॉजवाल्यानं तर कमाल केली. पुस्तकातला पत्ता बघून कुरिअर केलं! सोबत चिठ्ठी, 'आपली वस्तू सुरक्षित आहे.' साळुंख्यांनी पान पान उलटून बघितलं. कुठं दुमडलेला कोपरा नाही, चहाचा डाग नाही. नवं कोरं.

परशाशेठ म्हणाला, "सालुंखे, या देशान चप्पल जाते, छत्री जाते, सायकल जाते. चोरीला जात नाय ते एकच, पुस्तक!"

सगळे हसले. साळुंखेही हसले. पण त्या दिवशी त्यांनी खिशातलं पेन काढून नुसतं बघितलं आणि परत ठेवलं, ते मी बघितलं.

*

पुढच्या वर्षी फाट्यावर गेलो तर काटे बाजूला, दगड पडलेले, फांदी बुडापासून गायब. चावल्याच्या खुणा. पुस्तकही नाही.

परशाशेठ वाकून बघत म्हणाला, "शेली! झारबी खाल्लान नि पुस्तकबी खाल्लान!"

साळुंख्यांनी विचारलं, "शेळी आपल्या ओळखीची होती का?"

"नाय."

"मग एक अनोळखी वाचक झाला म्हणायचं."

फांदी परत लावली. या खेपेला जाड, आणि काटे दुप्पट. पुस्तकही परत ठेवलं, या खेपेला पिशवीवर पिशवी. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो तेव्हा फांदीला सात पानं होती. साळुंख्यांनी मोजली. पुस्तक नव्हतं. शेळीनं खाल्लं म्हणावं तर झाडाचं पान एकही चावलेलं नाही. वाऱ्यानं म्हणावं तर पिशव्या घडी घालून दगडाखाली ठेवलेल्या.

"कुणीतरी बंब पेटवायला नेलं असंल," परशाशेठ म्हणाला.

पिशव्यांची ती घडी साळुंख्यांनी उलगडली नाही, तशीच खिशात घातली.

*

एक किस्सा माझा आहे, पण सांगतो.

मला वाटायला लागलं, माणूस एवढी वाट बघतोय, आपण काय करू शकतो? पुस्तकं माझ्याच पलंगाखाली. मी नातीकडनं अक्षरं शिकायला लागलो. वय होतं सहासष्ट. कंटेनरवरचे आकडे मला येत होते, आता त्यांच्या पुढं क, ख, ग. मग सुशीला उघडली. एका ओळीला एक दुपार जायची. बोट ठेवायचं, अक्षर ओळखायचं, मागचं विसरायचं, परत मागं यायचं. यष्टी यायलाच मला पंधरा दिवस लागले.

दोन वर्षांनी शेवटचं पान झालं. बाकड्यावर जाऊन मी सांगितलं, "सालुंखे, मी वाचलं. पहिल्या पानापासनं. आता लिहा."

ते म्हणाले, "दामा, तू ओळखीचा हायस रं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी उठलो. तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. "पण एक सांगतो. माझ्या पुस्तकात दोन वर्षं कोणी राहिलं नव्हतं."

थोड्या वेळानं विचारलं, "कंटाळा नाही आला?"

"नाय. वाचताना झोपताच येत नाय ना!"

हे जे मी लिहितोय, ते त्या अक्षरांवरच चाललंय. सावकाश.

*

फाट्यावर शेवटचं गेलो त्याला आता सहा-सात वर्षं झाली. वड परशाशेठच्या गाडीच्या टपाच्या वर गेला होता. खाली एका माणसाला बसण्याएवढी सावली. हिरा तिथं बसली, डबा सोडला. साळुंखे उन्हातच उभे राहून तिच्याकडं बघत जेवले.

मग लॉकडाऊन आलं. मग परशाशेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, पोरांनी गाडी विकली. साळुंख्यांचे गुडघे गेले. हिराला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा शेवटचा डबा म्हटला तर तोच, वडाखालचा.

सुट्ट्या आता दुसऱ्यांच्या येतात. दिवाळी झाली की सोसायटीतनं बॅगा निघतात, आम्ही बाकड्यावर बसून "जपून जा" म्हणतो. पलंगाखाली अजून एक गठ्ठा आहे. साळुंख्यांच्या खिशात ते पेन आहे. मी मधे एकदा विचारलं, "शाई वाळली असंल ना?" म्हणाले, "दर महिन्याला बदलतो."

*

तर काल. धुकं होतं ते सांगितलंच. मी आणि साळुंखे बाकड्यावर. परशाशेठ अजून यायचा होता. सातव्या मजल्यावरचे शिर्के गाडीतनं सामान उतरवत होते. ते सोसायटीत नवीन. बंदरात कस्टमच्या कामाला आहेत, राहायला येऊन चार महिने झाले असतील. येता-जाता मला "काय काका" म्हणतात. साळुंख्यांना तर ते ओळखतही नाहीत. पुस्तकाबिस्तकाचं त्यांच्यापाशी कधी नावही निघालेलं नाही.

सामान ठेवून ते घाम पुसत माझ्याशेजारी टेकले. मी विचारलं, "झाली का सुट्टी?"

"झाली काका. श्रीवर्धनला गेलो होतो. मस्त! पण खरी मजा रस्त्यात आली. एक फाटा लागतो बघा, तिथं वड आहे. वडाखाली टपरी. गवती चहा घालून असा चहा देतो, सांगू नका!"

साळुंख्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"वड मोठा आहे काय?" मी विचारलं.

"आमची सगळी फॅमिली बसली ना सावलीत! डाव्या हाताला, रस्त्यापासून थोडा आत."

"मग?"

"मग काय, टपरीवाला आपला साधा माणूस. बायकोनं विचारलं, टपरी कधीपासून आहे, तर म्हणाला, 'वडाला सावली धरली तेव्हापासून, त्याच्याआधी नुसता इथं येऊन बसायचो.' गर्दी होती, ग्लास कमी पडले. फळीवर एक ग्लास धुऊन पालथा ठेवलेला होता. म्हटलं, हा आहे की. मी उचलायला गेलो, तर काका, त्यानं माझा हात धरला. म्हणाला, 'तो नको साहेब. तो सुशीलाबाईंच्या मालकांचा आहे. यायचेत ते.'"